वाटणीची खुर्ची

तीन भावंडं आणि एक खुर्ची कातारीबुवांच्या ओसरीवर येऊन उभी राहिली. लाकूड कातून पेनं आणि सुऱ्यांच्या मुठी करण्यात बुवांचा हात धरणारं कुणी नव्हतं. वडील गेल्यावर या भावंडांनी घर वाटून घेतलं, उशासुद्धा वाटल्या. घोडं अडलं ते अप्पांच्या खुर्चीपाशी. तेव्हापासून सात वर्षं तिघांचा अबोला. शेवटी वकिलाने तोडगा काढला. अप्पा त्या खुर्चीत बसून पत्रं लिहायचे आणि फळं कापायचे, तर तिच्याच लाकडातून प्रत्येकाला एक पेन आणि एक सुरीची मूठ करून द्यायची.

"यांना सांगा, वजनात फरक नको," मधली बहीण थोरल्याकडे पाठ करून म्हणाली.

"आणि भुसा?" धाकट्याने विचारलं.

"भुशाच्या तीन पुड्या बांधतो," बुवा म्हणाले.

बुवांची एक खोड होती. त्यांना वस्तू दिसायचीच नाही, दिसायचं फक्त लाकूड. मुलगी बघायला गेले तेव्हा मुलीऐवजी दाराची चौकट न्याहाळत बसले होते, असं त्यांची बायको अजून ज्याला त्याला सांगते. तर ओसरीवर दोन खुर्च्या होत्या. त्यातली चांगल्या रेषांची बुवांनी उचलली, खोलली, कापली. तुकड्यांना भोकं पाडून पितळी नळ्या बसवल्या, लेथवर पेनं कातली, मुठी घासून गुळगुळीत केल्या, तेल पाजलं. काम असं झकास उतरलं की बुवा स्वतःवरच खूश झाले.

चौथ्या दिवशी गावाला गेलेले सासरे परत आले आणि रोजच्यासारखे ओसरीवर टेकले. "जावईबापू, माझी खुर्ची कुरकुरायला लागली हो!"

बुवांनी पहिल्यांदाच खुर्चीकडे खुर्ची म्हणून पाहिलं. ते तडक स्वयंपाकघरात घुसले.

"अगं, मी मामांची खुर्ची कातली!"

"अगंबाई! मग बाबा बसलेत कशावर?"

"दुसऱ्यांच्या वडिलांवर!"

"मग उठवा त्यांना आणि ती कापा. एवढं सोपं आहे."

बुवा करवत घेऊन निघाले, तोच मागच्या दाराने भावंडं कारखान्यात हजर झाली. बहिणीने मूठ उचलली, हुंगली आणि हंबरडा फोडला. "अप्पांचाच वास रे!"

थोरल्याने रुमाल पुढे केला. "घे गं. रडू नकोस."

सात वर्षांतला हा पहिला शब्द! धाकट्याने तर बहिणीच्या खांद्यावर हात ठेवला. आता खरं सांगावं, तर जुळत आलेलं घर पुन्हा मोडणार. न सांगावं, तर आपण कसले कारागीर? बुवांना करवत हातात जड वाटू लागली.

"कोण भोकाड पसरतंय तिकडे?" ओसरीवरून सासरे गरजले. "आधी नाकं पुसा!"

तिघांनी मुकाट्याने नाकं पुसली. मग दचकून एकमेकांकडे पाहिलं आणि ओसरीवर धावले. अप्पांच्या खुर्चीत एक म्हातारा ऐटीत सफरचंद कापत बसला होता.

बुवांनी सगळं कबूल केलं. सासऱ्यांनी बहिणीच्या हातातल्या मुठीकडे पाहिलं. "म्हणजे ही माझी खुर्ची? मग मी या खुर्चीतून उठतच नाही!"

"बसा, बसा," थोरला गहिवरून म्हणाला. "अप्पाही असेच खेकसायचे. तुम्ही खुर्चीसकट माझ्याकडे राहायलाच चला."

"तुझ्याकडे का? माझं घर ऐसपैस आहे," बहीण म्हणाली.

"प्रत्येक वेळी माझाच नंबर शेवटी!" धाकटा ओरडला.

बघता बघता तिघांची अशी जुंपली की शेजारी खिडकीत आले. सात वर्षांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडलं, आणि यावेळी 'यांना सांगा' असं कुणीच म्हणत नव्हतं. सासऱ्यांचे डोळे भरून आले. "इतक्या वर्षांत मला न्यायला कुणी भांडलं नव्हतं गं," ते आवाज ऐकून बाहेर आलेल्या लेकीला म्हणाले.

"ते काही नाही," बहिणीने निकाल दिला. "समान वाटणी झाली पाहिजे!"

"बरं," सवयीने बुवा म्हणाले, "किती भाग करायचे?"

सासऱ्यांनी दोन्ही पाय झटकन खुर्चीवर घेतले. "जावईबापू, आधी ती करवत खाली ठेवा!"