हवालदारांचा उन्हाळा

आमच्या गावात पुस्तक परत करायला गेलेल्या पोराला आधी गुडघे दाखवावे लागत.

"गुडघं दाव," हवालदार म्हणायचे. पोरगं चड्डी वर सरकवून टेबलासमोर उभं राही. हवालदार चष्मा कपाळावर चढवून वाकत, एक गुडघा बघत, मग दुसरा बघत. खरचटलं असेल, माती असेल, निदान गवताचा हिरवा डाग तरी असेल तर "पास!" आणि नवं पुस्तक हातात. गुडघे स्वच्छ असले तर जुनंच पुस्तक परत काखेत. "नुस्तं वाचून आलंय बेणं! डिसमिस!"

वाचनालयं मी पुढं पुष्कळ पाहिली. नुसतं वाचल्याबद्दल वाचकाला हाकलून देणारं कवठे महांकाळच्या बाजारपेठेतलं ते एकच. तसं ते वाचनालय म्हणजे धान्याचं एक रिकामं गोदाम, एक टेबल आणि लष्करी हिरव्या रंगाची एक ट्रंक. पण दाराबाहेर चुन्यानं रंगवलेल्या दगडांची दुहेरी रांग होती आणि पोरांना तिच्यामधूनच आत यावं लागे. रांग सोडून आलेल्याची इंक्वायरी होई.

हवालदारांचं नाव सिदराम. सगळी नोकरी त्यांनी पलटणीच्या कोठारात काढली. दोन लढाया होऊन गेल्या तरी त्यांच्या हातून गोळी सुटली नाही. कांबळी, बूट आणि पातेली यांचा मात्र चोख हिशेब राहिला. पेन्शनीत निघून गावी आले तेव्हा लोकांना वाटलं, ट्रंकेत रमच्या बाटल्या असतील. उघडली तर आत लहान मुलांची चित्रांची पुस्तकं. लग्न केलेलं नाही, घरात पोरबाळ नाही, आणि हा गडी बेळगाव, पुणे, अंबाला, जिथं बदली होईल तिथल्या स्टेशनावर चित्रांची पुस्तकं विकत घेत हिंडला होता. त्यातही राजाराणी नाही, बोधकथा नाही, पाढे नाहीत. सगळी पुस्तकं उन्हाळ्याच्या सुट्टीची. पोरं झाडावर चढताहेत, पतंग उडवताहेत, माळावर चूल मांडून जेवताहेत, विहिरीत उड्या टाकताहेत.

नियम एकच. पुस्तकात जे असेल ते करायचं, मग येऊन तोंडी रिपोर्ट द्यायचा. रिपोर्टात लबाडी चालत नसे. एकदा वकिलांच्या मुलानं गुडघ्याला ओली माती फासून आणली. हवालदारांनी ती बोटानं चाचपली.

"ही माती कुठली रं?"

"माळावरची."

"गार कशी मग? ही रांजणाखालची हाय. जा, उन्हातली घिऊन ये."

एका पुस्तकात समुद्राकाठी वाळूचे किल्ले करणारी मुलं होती. आमच्या गावापासून समुद्र कुठल्या दिशेला आहे हेसुद्धा निम्म्या गावाला ठाऊक नव्हतं. हवालदारांनी ते पुस्तक नेणाऱ्या चौघांना अग्रणी नदीच्या कोरड्या पात्रात धाडलं. "वाळू हाय का न्हाई? बास. पान्याचं मागनं बघू." पोरांनी असा किल्ला बांधला की दुसऱ्या दिवशी वाळूची गाडी नेणारा गाडीवान त्याला वळसा घालून गेला.

रिपोर्ट घेताना मात्र हवालदार चेंगटपणा करत. झाडावर चढलास? बरं. फांदी हलली का? कुठल्या हाताला हलली? पोटात कसं झालं? कैरीचा चीक ओठाला लागला का? जळजळलं? कितीसं? पोरं कंटाळत. बाहेर उभी असलेली रांग ओरडे. हवालदार टेबलावर छडी आपटून म्हणत, "सायलेन्स! हितं रिपोर्ट चाललाय."

मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. माझं शिक्षण निम्मं शाळेत आणि निम्मं सभेच्या मांडवाबाहेर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवर झालेलं. आम्ही धर्म बदलून काही वर्षं झाली होती. घरात भिंतीवर नवी तसबीर होती आणि माझ्या खिशात कायम एक घडी घातलेलं पत्रक. असल्या रिकामटेकड्या पुस्तकांवर माझा राग होता. एक दिवस मी हवालदारांना गाठलंच.

"नाना, ह्या पुस्तकांत आमची पोरं कुठं आहेत?"

"पोरं म्हंजे पोरं रं. त्यात आमची तुमची काय?"

"बघा की नीट. एकेकाच्या चड्डीला इस्त्री आहे. पायात बूट आहेत. ही पोरं कुठल्या गावची?"

हवालदारांनी चष्मा खाली घेतला. पान पालटलं, आणखी पालटलं. "व्हय की रं," ते म्हणाले. "बूट घालून झाडावर चढलंय येडं."

मला वाटलं, वाद जिंकला. दुसऱ्या दिवशी गेलो तर हवालदार दौत-टाक घेऊन बसलेले. ट्रंकेतल्या झाडून सगळ्या पुस्तकांतल्या पोरांच्या चड्ड्यांना त्यांनी ठिगळं काढली होती. बुटांवर पांढरा रंग देऊन वर पायाची बोटं काढली होती, कुणाला चार, कुणाला सहा. एका गुबगुबीत मुलीच्या नाकाला शेंबूडही होता.

"आता बघ, आलीत का तुझी?" त्यांनी विचारलं. मी खिशातलं पत्रक उघडून पाहिलं आणि पुन्हा घडी घालून ठेवलं.

माझ्या थोरल्या भावाची मुलगी सुजाता ही त्यांची सगळ्यात नेमाची गिऱ्हाईक. आठ-नऊ वर्षांची, बारीक, भांडखोर. झाडाचं पुस्तक, पतंगाचं, माळावरच्या जेवणाचं, सगळी तिनं गुडघे फोडून पास केली होती. त्या उन्हाळ्यात हवालदारांनी तिला विहिरीचं पुस्तक दिलं. निळं जाड पुठ्ठ्याचं. पाठीला सुका भोपळा बांधलेली मुलं गुडघे पोटाशी धरून काठावरून पाण्यात मुटका मारताहेत, पाणी पानाबाहेर उडतंय. ते तिनं नेलं आणि परतच आणेना. घरी बघावं तर पुस्तक मांडीवर, नजर त्या पाण्यावर. सोबतच्या पोरी तीन-तीन पुस्तकं पुढं गेल्या.

शेवटी हवालदारांनी तिला रस्त्यात धरलं. मी बरोबर होतो.

"रिपोर्ट?"

"न्हाई."

"भ्यालीस व्हय? तुमच्या वस्तीतली समदीच पोरं पान्याला भित्यात बग. आजवर एकानं ह्या पुस्तकाचा रिपोर्ट दिला न्हाई. आणून टाकत्यात तसंच."

"मी न्हाई भ्याले," सुजाता म्हणाली. "हिरीवर येऊ देत न्हाईत आमाला."

आमच्याकडं उन्हाळ्यात पोहण्याएवढं पाणी एकाच विहिरीत उरे आणि ती विहीर हवालदारांच्याच मळ्यातली, त्यांची आणि त्यांच्या धाकट्या भावाची. इतके उन्हाळे त्यांनी ते निळं पुस्तक आमच्या वस्तीत धाडलं होतं, आणि ते कोरड्या गुडघ्यांनी परत आलं की "भित्यात" म्हणून ट्रंकेत ठेवलं होतं. इंक्वायरी कधी केली नव्हती.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "हिरीवर. पुस्तक घिऊन."

घरी आईनं कपाळाला हात लावला. "लेकरू हाय ते. कुणी धोंडा घातला डोक्यात तर?" ती रात्रभर नको नको म्हणत होती. मी मात्र भाषण तयार केलं होतं. समतेपासून सुरुवात, मग पाणी, शेवटी घोषणा. वाटेत हवालदारांना त्यातला थोडा भाग ऐकवला.

"गड्या, तू हिरीवर तोंड उघडू नगंस," ते म्हणाले. "तू बोललास की सभा हुती. मला पोरीला पोहाय शिकवायचं हाय."

मळ्यात त्यांचा भाऊ ज्ञानू इंजनाला तेल घालत होता. आम्हाला पायऱ्या उतरताना बघून तो हातात तेलाचा डबा तसाच घेऊन धावत आला.

"नाना! हे काय चालवलंय? सोयरंधायरं काय म्हणतील?"

"हिरीत माझा हिस्सा हाय का न्हाई?"

"हाय की."

"किती?"

"निम्मा."

"मग माझ्या निम्म्यात पोहती ती. तुझ्या निम्म्यात गेली तर मी शिट्टी वाजवतो."

ज्ञानूनं पाण्याकडं पाहिलं. त्यात रेघ कुठं आहे ते त्याला दिसेना. तो काही तरी पुटपुटत इंजनापाशी गेला, पण इंजन चालू केलं नाही.

हवालदारांनी सुजाताच्या पाठीला भोपळा बांधला. कमरेला दोर बांधला, दुसरं टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर निळं पुस्तक उघडून बसले.

"आता हात असं. चित्रात बग. पाय... पाय दिसत न्हाईत ह्यात, पान्याखाली हायत. थांब, पान पालटतो."

सुजाता पाण्यात गोल फिरत होती, नाकातोंडात पाणी जात होतं. "नाना, तुमीच या की आत! दावा की!"

"मला कुठं येतंय!"

गावातली एवढी पोरं ज्यांच्या धाकानं पोहायला शिकली, ते हवालदार जन्मात पाण्यात उतरलेले नव्हते.

"हिच्यापेक्षा ल्हान हुतो, तवा बानं सांगलीला हळदीच्या पेठेत ठिवला," ते पुस्तकावरून नजर न काढता म्हणाले. "हळकुंडं निवडायला. उन्हाळ्यात तर लय काम. ही हीर मी गेल्यावर खणली. सुट्टीवर यायचो तवा ह्यो ज्ञानू उड्या मारायचा, मी काठावर बसून कापडं धरायचो. मग पलटण. तिथं कोण मुटका मारू देतंय?" मग एकदम मोठ्यानं, "हात मार पोरी, हात! चित्रात हात मारत्यात!"

"आरं पाय!" वरून ज्ञानू ओरडला. तोंड त्यानं इंजनाकडंच ठेवलं होतं. "पाय मार म्हणावं तिला, पाय! बुडवताय काय पोरीला? आन् दोर सैल सोडा!"

हवालदारांनी दोर सैल सोडला. सुजातानं पाय मारले. भोपळा डुचमळला, सरळ झाला, आणि ती विहिरीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत गेली. निम्म्याची हद्द कधीच ओलांडली होती. शिट्टी वाजली नाही.

"कसं लागतंय ग?" हवालदारांनी विचारलं.

"वर कोमट हाय! खाली पाय सोडला की गार!"

"किती गार?"

"लय! पायाला कुणी धरल्यागत!"

"आन् कानात?"

"कानात आवाजच न्हाई कसला!"

हवालदारांनी डोळे मिटले होते. ओठ हलत होते. ती सांगत होती तेच ते मनाशी पुन्हा म्हणत होते.

भांडण असं झालंच नाही. पण हवालदार जेवायचे भावाच्या घरी, आणि त्या दिवशी दुपारी ते गेले तेव्हा भावजयीनं त्यांचं ताट, तांब्या आणि वाटी ओसरीच्या बाहेर मांडून ठेवली होती. वाढलेलं काही नव्हतं. हवालदारांनी भांडी उचलली आणि वाचनालयात आणून ठेवली.

मग त्यांनी स्टोव्ह आणला. सबंध पलटणीची पातेली सांभाळलेल्या माणसाला एक भात नीट शिजवता येत नव्हता. गोदामातून करपल्याचा वास रस्त्यापर्यंत येई. विचारलं तर म्हणत, "झालं की जेवान. फस्टक्लास."

बाजाराच्या दिवशी आईनं सुजाताच्या हातात फडकं दिलं. आत दोन भाकरी आणि ठेचा. मी म्हटलं, ते घेतील का आपल्या घरचं? आई म्हणाली, "इचारून तर बग. न्हाई घेतलं तर पोरगी खाईल."

हवालदारांनी फडकं हातात घेतलं आणि दारातल्या दगडी पायरीवर येऊन बसले. समोरून सगळा बाजार चाललेला. त्यांच्या भावकीतले लोकही त्यात होते.

"आत बसा की, नाना," मी म्हटलं.

"कशाला? आत उकडतंय."

त्यांनी फडकं गुडघ्यांवर सोडलं, भाकरी मोडली, पण घास तोंडाकडं नेईनात. माणसं बघत जात होती. कुणी थांबलं नाही, कुणी रामराम केला नाही. हवालदार सुजाताकडं वळले.

"तू जेवलीस?"

"न्हाई."

"मग बस की हितं." ते पायरीवर थोडं सरकले. "एकट्याला घास उतरत न्हाई मला."

ती बसली, आणि त्यांच्या हातातल्या भाकरीचा अर्धा तुकडा तोडून घेऊन खाऊ लागली. मग त्यांनीही घास घेतला.