केस गळतीची गोळी

गोळीचं काम पोटात गेल्यावर सुरू होतं, असं वैद्यकशास्त्र मानतं. लोणी भापकर परिसरात ते बरंच आधी, म्हणजे गोळीला नाव देण्यापासून सुरू होतं. पाकिटावर छापलेलं नाव कंपनीच्या सोयीचं असतं. घरातलं नाव घराच्या सोयीनं ठरतं. झोपेच्या गोळीला 'अंगदुखीची' आणि दारू सोडवायच्या गोळीला 'पित्ताची' म्हणण्याची पद्धत या भागात रूढ असून तिनं आजवर अनेक संसार टिकवले आहेत. (पित्त कुणाचंही कमी झाल्याचं ऐकिवात नाही.)

या पद्धतीला अनुसरूनच संजीवनीनं आपल्या गर्भनिरोधक गोळ्यांचं नाव 'केस गळतीच्या गोळ्या' असं ठेवलं.

तिला मूल नको होतं असं नाही. एक मुलगी होतीच, संस्कृती, अंगणवाडीत जाणारी. दुसरं मात्र इतक्यात नको होतं, कारण घरामागं शेडनेट उभारून तिनं मिरची-टोमॅटोच्या रोपांची नर्सरी काढली होती आणि गिऱ्हाईक आत्ता कुठं पार सुपे गावापासून येऊ लागलं होतं. नवरा अविराज तिच्या बाजूचा होता. म्हणजे दोघंच असताना बाजूचा होता. आई खोलीत आली की तो तटस्थ राष्ट्र व्हायचा. आईचं, म्हणजे कौसल्याबाईंचं, मत जाहीर होतं: संस्कृतीच्या पाठीवर भाऊ हवा, आणि नर्सरी काय, पुढंही काढता येते.

गावच्या आशा सेविका रतनताई यांच्याकडून संजीवनी पाकिटं आणायची आणि ट्रंकेत साड्यांखाली ठेवायची. एकदा साडी शोधताना ती कौसल्याबाईंच्या हाती लागली.

"ह्या कशाच्या गं?"

"केस गळत्यात ना आत्या, त्याच्या हायेत."

इथं थांबली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण खोटं बोलायची सवय नसलेली माणसं पुरावा जोडायला जातात. "लई फरक पडला," ती म्हणाली आणि आपली जाड वेणी पुढं घेऊन दाखवली.

कौसल्याबाईंचा अंबाडा गेल्या काही वर्षांत नारळावरून लिंबावर आला होता. त्यांनी वेणीकडं पाहिलं, पाकिटाकडं पाहिलं. "मला बी दे की मग."

"तुमाला न्हाय चालायच्या आत्या. त्या तरुण केसांच्या हायेत."

कौसल्याबाई काही बोलल्या नाहीत. त्या काही बोलत नाहीत तेव्हा निर्णय झालेला असतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवसापासून साड्यांखालची पाकिटं कमी होऊ लागली. संजीवनीला वाटलं, आपणच ठेवताना घोळ घातला असेल. तिनं रतनताईंकडून जास्तीची आणली. अशा रीतीनं त्या घरातला कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम दुप्पट जोमानं सुरू झाला.

त्यातच संजीवनीच्या मानेला गाठ आली. बारामतीच्या डॉक्टरीणबाईंनी तपासणी केली. गाठीचा क्षय निघाला, औषध नेमानं घेतलं की पूर्ण बरा होतो, सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही, असं त्यांनी समजावलं आणि जगातल्या सगळ्या डॉक्टरांप्रमाणे विचारलं, "अजून काही गोळ्या चालू आहेत का?"

आता, आपल्याकडे पेशंट डॉक्टरकडे एकटा जात नाही, शिष्टमंडळ जातं. प्रश्न पेशंटला असला तरी उत्तर ज्येष्ठतेनुसार दिलं जातं. सासरे रामहरी आबा म्हणाले, "काय न्हाय. पोरगी एकदम ठणठणीत हाय." (गाठीचा रिपोर्ट तेव्हा त्यांच्याच हातात होता.) डॉक्टरांनी संजीवनीकडं पाहिलं. संजीवनीनं सासूकडं पाहिलं. सासूनं छताकडं पाहिलं. आणि दोघी एका सुरात म्हणाल्या, "न्हाय."

एकत्र कुटुंबात इतकं एकमत डॉक्टरीणबाईंनी बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. त्यांनी समाधानानं औषध लिहून दिलं.

गोळ्यांना मात्र घरातलं राजकारण कळत नाही. क्षयाच्या औषधातलं एक द्रव्य यकृताला असं कामाला जुंपतं, की गर्भनिरोधक गोळी रक्तात पुरती मुरायच्या आत तिचा निकाल लागतो. म्हणजे संजीवनी रोज नेमानं गोळी घेत होती आणि तिचं यकृत तितक्याच नेमानं ती मोडीत काढत होतं. कौसल्याबाईंच्या पोटात याहून मोठी रस्सीखेच चालली होती. तिथं त्यांची रोजची जुनी गोळी रक्तदाब खाली ओढत होती आणि दुसरी, केसांची म्हणून घेतलेली, तो वर ढकलत होती. दोन्ही गोळ्या आपापलं काम प्रामाणिकपणे करत होत्या. त्या घरात प्रामाणिक म्हणाव्यात अशा तेवढ्याच होत्या.

परिणाम दिसू लागले. संजीवनीला अधूनमधून डाग दिसू लागला आणि मग पाळीच लांबली. ती ट्रेमध्ये बी टाकता टाकता थांबायची. पोटात काही असेल तर त्याला ही कडक औषधं बाधतील का, हा विचार तिला हात चालू देईना. अविराजला सांगितलं तर तो घाबरून म्हणाला, "कुणाला बोलू नको." एवढंच उत्तर त्याला येत होतं.

कौसल्याबाईंचं डोकं सारखं ठणकू लागलं, आणि मागंच निरोप घेतलेली पाळी एके दिवशी परत आली. त्यांनी शेजारच्या लीलाबाईंना विश्वासात घेऊन सांगितलं, की गोळी फार गुणाची आहे, केसांबरोबर सगळंच तरुण करते. पण घरी येताच त्यांनी देवापुढं जास्तीचा दिवा लावला.

संजीवनीच्या तपासणीसाठी गाडी बारामतीला निघणारच होती, म्हणून दोघी एकाच फेरीत गेल्या. कौसल्याबाईंचा रक्तदाब पाहून डॉक्टरीणबाईंनी यंत्र पुन्हा लावून पाहिलं. मग पुरुष मंडळींना बाहेर बसायला सांगितलं. (शिष्टमंडळ निम्मं केलं की खरं बोलण्याचं प्रमाण दुप्पट होतं, असा त्यांचा अनुभव आहे.)

"पाळी लांबलीय," संजीवनी म्हणाली.

"मूल राहू नये म्हणून काही घेता का?"

सासू शेजारी बसली होती. संजीवनीला वाटलं, 'न्हाय' म्हणावं आणि उठावं. पण भीती संकोचापेक्षा मोठी झाली होती. तिनं पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं. "ही."

डॉक्टर काही बोलायच्या आत कौसल्याबाई म्हणाल्या, "ही केस गळतीची हाय मॅडम. मी बी घेते की."

डॉक्टरीणबाईंच्या अभ्यासक्रमात हा धडा नव्हता. त्यांनी पाकीट हातात घेतलं, खाली ठेवलं आणि शांतपणे विचारलं, "आजी, तुम्हाला मूल नकोय का?"

"ह्या वयात? काय बोलताय मॅडम."

"ही गोळी त्याचीच असते."

कौसल्याबाईंनी सुनेकडं पाहिलं, सुनेनं छताकडं पाहिलं. मग डॉक्टरीणबाईंनी दोघींना सगळं नीट सांगितलं, न रागावता. संजीवनीची चाचणी तिथंच झाली, काही नव्हतं. तिनं ते डॉक्टरीणबाईंकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं. क्षयाचं औषध संपेपर्यंत आणि नंतरही काही दिवस गोळीवर न विसंबता दुसरा उपाय करायचा ठरलं. कौसल्याबाईंची गोळी त्या क्षणी बंद झाली. पाळी थांबल्यावर परत रक्त दिसणं कधीच सोडून द्यायचं नसतं म्हणून त्यांची सोनोग्राफी झाली. तीही चांगली आली.

अविराज गाडी आणायला गेला होता. दोघी दवाखान्याच्या बाकावर बसल्या.

"मला सांगायचं हुतंस की गं," कौसल्याबाई म्हणाल्या.

"सांगितलं असतं तर काय म्हणला असता?"

त्यांनी खरंच विचार केला. "न्हाय म्हणले असते."

"मग?"

"मग तू घेतलीच असती. निदान मी तरी घेतली नसती."

संजीवनीला हसू आलं आणि तिनं ते पदरात दाबलं. मग शेजारी पाहिलं तर कौसल्याबाईंचाही पदर तोंडावर होता.

गाठ आता विरघळत आली आहे, रक्तदाब जागेवर आहे, आणि भावाचा विषय नर्सरीचं बस्तान बसेपर्यंत तहकूब आहे. कौसल्याबाईंना सत्याची चटक लागली असून दर भेटीला त्या डॉक्टरांना घरातल्या सगळ्यांचं सगळं सांगतात. परवा त्यांनी आबा गुडघ्यासाठी चोरून घेत असलेली पुडीही सांगून टाकली. आबा त्या पुडीला 'बडीशेप' म्हणत असत.

वाचकांना या मंडळींचं हसू आलं असेल, ते साहजिक आहे. सुशिक्षित माणसं अशी वागत नाहीत. डॉक्टर विचारतात, अजून काही घेता का, आणि सुशिक्षित माणूस मोकळेपणानं सांगतो, "नाही, काही विशेष नाही." हे वाक्य वाचताना तुम्हाला जी एक गोळी आठवली, तिचं घरातलं नाव काय आहे?