गुणी दार

साडेनऊ वाजले तरी घराचं दार उघडेना. दहा वाजता जावयाला हे दार चालवणारा आपला प्रोग्रॅम ऑफिसात साहेबांना दाखवायचा होता.

घराला साध्या शब्दांत हुकूम देता यावेत म्हणून त्याने एक छोटी भाषा रचली होती. तिचे व्याकरण लिहून दिले की ती वाचणारा प्रोग्रॅम पार्सर जनरेटर नावाचे अवजार आपोआप बनवून देई. पहिला हुकूम बायकोने लिहिला होता: ‘घरी कोणी असेल तर पाऊस असेल तर खिडक्या लाव नाहीतर कुलूप घाल.’ काल सकाळी तो चालू करून दोघे निर्धास्त बाहेर पडले होते.

“अहो, माणसं घरात आणि कुलूप कसलं घालतंय हे?” बायको कडाडली.

“तेच तर! का बरं घातलं असेल?” त्याचे डोळे चमकले. ह्याला घर जळत असले तरी आधी कारण हवे असायचे.

“दाराला बोलू नका हं,” काल मुक्कामाला आलेले सासरे म्हणाले. “फार गुणी दार आहे. जावईबापू, मानलं तुम्हाला!”

जावई सुखावला. आठ वर्षे सासरे त्याला ‘पण तुम्ही नक्की करता काय?’ एवढेच विचारत आले होते. ही पहिली शाबासकी.

“काल सकाळपासून रात्रभर पाऊस होता तेव्हा दार ठीक होतं, आज ऊन पडलं आणि बिघडलं,” तो पुटपुटला. “बाबा, गॅलरीतल्या पावसाच्या सेन्सरवर मगभर पाणी ओता बघू!”

सासऱ्यांनी मग उपडा केला. खिडक्या धाडधाड लागल्या आणि कुलपाचा हुकूम सुटल्याने दार खटकन उघडले.

“सापडलं! ‘नाहीतर’ पावसाला चिकटलंय!”

जनरेटरने त्याला बजावले होते की इथे एक तंटा आहे, हे ‘नाहीतर’ दोन्हींपैकी कुठल्याही अटीला लागू शकते. त्याची कटकट नको म्हणून जावयानेच व्याकरणाच्या वर ‘एक तंटा अपेक्षित’ अशी ओळ लिहून त्याचे तोंड बंद केले होते. मग जनरेटरने आपल्या रिवाजाप्रमाणे जवळची, म्हणजे पावसाची अट धरली. आता जावयाने ती ओळ पुसली आणि प्रत्येक अटीच्या शेवटी ‘बस्स’ लिहिणे सक्तीचे केले. हुकुमातही ‘खिडक्या लाव’नंतर ‘बस्स’ घातले, तसे ‘नाहीतर’ घरी असण्याच्या अटीला लागले. तंटे शून्य.

“मग घरी कोणी नसलं तर हे काय करत होतं?” बायकोने विचारले.

“काहीच नाही. कुलूपसुद्धा...” तो थबकला. काल दिवसभर घर बिनकुलपाचे होते.

“बाबा, काल तुम्ही शेजारच्यांकडून चावी घेतलीत ना?” बायकोचा आवाज चिरकला.

“चावी कशाला? नुसतं ढकललं, उघडलं.” सासऱ्यांचा चेहरा उतरला. “मला वाटलं, जावईबापूंनी त्याला मला ओळखायला शिकवलंय.”

“शिकवलंय तर!” जावई म्हणाला, आणि बायकोने तोंड उघडायच्या आत बॅग उचलून दाराबाहेर पडला.