मागं कोन हाय?

आमच्या सोसायटीत कोणी गाडीला रिव्हर्स गिअर टाकला, की पाच सेकंदांच्या आत दत्ताराम घरत प्रकट होतात. कुठून येतात ते आजवर कोणाला कळलेलं नाही. आंघोळ चालू असेल तर टॉवेल गुंडाळून येतात, जेवण चालू असेल तर उजवा हात तसाच खरकटा वर धरून येतात आणि डाव्या हाताने तुमच्या डिकीवर थाप मारतात. दोन थापा म्हणजे येऊ द्या. एक थाप म्हणजे जागच्या जागी थांबा. माझ्या गाडीच्या डिकीवर सध्या तीन पोचे आहेत. त्यांतला एकही अपघाताचा नाही. तिन्ही पोचे त्यांनी अपघात टाळताना पाडलेले आहेत.

त्यांना अख्खं नवीन पनवेल मामा म्हणतं. कळंबोलीच्या लोखंड बाजारात त्यांनी तीस वर्षं एकच काम केलं. लोखंडाने भरलेला ट्रेलर मागे घेताना त्याच्या मागे उभं राहायचं, शिट्टी वाजवायची आणि थापा मारत त्याला क्रेनखाली आणून उभा करायचा. "सर, तीस वरसांत एक खरचटा नाय," असं ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगतात. निवृत्त होताना सोबत्यांनी त्यांना शाल आणि श्रीफळ दिलं. शिट्टी त्यांनी स्वतःच ठेवून घेतली, आणि ती परत मागायचं धाडस कोणी केलं नाही.

मामांच्या तोंडी एक वाक्य कायम असतं. "मागं कोन हाय?" हे वाक्य ते कुठेही वापरू शकतात. देवळात नमस्काराला वाकण्याआधी ते मान वळवून विचारतात, "मागं कोन हाय?" आणि मागचा माणूस दोन पावलं सरकल्याशिवाय देवाचंही काही चालत नाही. माझ्या भाचीला स्थळ आलं तेव्हा मी त्यांना कौतुकाने मुलाचा फोटो दाखवला. तो बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "पोरगा बरा हाय. पन मागं कोन हाय?" योगायोगाने मुलाच्या मागे खरोखरच एक प्रकरण निघालं. तेव्हापासून माझी बहीण मामांना ज्योतिषी समजते.

मामांची दुसरी खोड म्हणजे बायकोच्या मागून चालणं. पनवेलच्या मासळी बाजारात सुमनमामी पुढे, आणि तीन पावलं मागे मामा. हातात पिशव्या, तोंडात शिट्टी. "ओ स्कूटर! बाजूला! ओ टेम्पोवाले, माणसं हायत!" गल्लीतली वाहनं, हातगाड्या, एकदा तर एक वयस्क बैल, या सगळ्यांना मामांनी शिट्टी मारून कडेला लावलेलं मी पाहिलं आहे. आम्ही त्यांना मामींचा बॉडीगार्ड म्हणायचो. मामी मात्र शांत. हसऱ्या चेहऱ्याने पुढे चालत राहायच्या, कोणी काही बोललं की "हो ना" म्हणायच्या. एवढा आरडाओरडा तीन पावलांवर सोसूनही त्या एकदाही मागे वळून नवऱ्यावर डाफरल्या नाहीत. मी तर त्यांना संतपदाला पोचलेल्या समजत होतो.

तर असे हे मामा आमच्यासोबत मनालीला आले. सोसायटीच्या बायकांनी सहल ठरवली होती आणि नवरे सामानाबरोबर आपोआप आले होते. पहिल्या दिवशी बसच्या खिडकीतून बर्फाचा मोठा उतार दिसला. त्यावरून माणसं पायांना लांब पट्ट्या बांधून सरसर खाली येत होती. मामींनी खिडकीला नाक लावलं आणि गाडी वळेपर्यंत काढलं नाही. मग त्या साठीच्या बाई एखाद्या शाळकरी मुलीसारख्या म्हणाल्या, "मना ते करायचं हाय."

"नाय," मामा म्हणाले.

"का नाय?"

"नाय म्हंजे नाय."

रात्री मामी जेवल्या नाहीत. हॉटेलातला राजमा पाहता ते फार मोठं बलिदान नव्हतं, पण सगळ्या बायका त्यांच्या बाजूने उभ्या राहिल्या आणि मामांशी बोलेनाशा झाल्या. मी शाळेत मास्तर असल्यामुळे मला बोलल्याशिवाय राहवत नाही. मी मामांना स्त्रीस्वातंत्र्यावर चांगलं पंधरा मिनिटांचं व्याख्यान दिलं. आयुष्यभर चुलीपुढे राबलेल्या बाईने एकदा काही मागितलं तर तुमच्या पोटात का दुखावं, असं अगदी तोंडावर विचारलं. मामांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाले, "सर, तिथं मागून येनारा दिसत नाय हो." मला त्यांचा मनापासून राग आला. जगाची एवढी काळजी वाहणारा माणूस घरात असा हुकूमशहा निघावा, याची चीड आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे त्या उतारापाशी गेलो. भाड्याचे फुगीर पोशाख चढवले. सुमनमामींनी त्या पोशाखावरून मंगळसूत्र बाहेर काढून नीट सरळ केलं आणि एका बाजूला बसून राहिल्या. आम्हाला शिकवायला नेगी नावाचा एक हसरा पहाडी तरुण होता. त्याने आधी नियम सांगितले. थांबायचं तर कडेला थांबा, मध्ये बसून फोटो काढू नका. निघण्यापूर्वी वर बघा. आणि मग तो म्हणाला, "सबसे बड़ा रूल. जो ऊपर है, वो जिम्मेदार है. नीचेवाले को पीछे देखने की जरूरत नहीं. ऊपरवाला देखेगा."

सोसायटीतल्या पेडणेकरबाईंनी आकाशाकडे पाहून हात जोडले. मामा मात्र चार पावलं पुढे झाले.

"फिरसे बोलो."

नेगीने पुन्हा सांगितलं.

"मतलब नीचेवाले को सुनने का, देखने का, कुछ नहीं? पीछेवाला ठोकेगा तो गलती पीछेवाले की?"

"हमेशा पीछेवाले की, अंकल."

मामांनी तिसऱ्यांदा वदवून घेतलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मला वाटलं, थंडी. मग ते वळले, मामींच्या समोर जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "चल, ऊठ. कर तुज्या मनासारखं." मामी ज्या वेगाने उठल्या, तो पाहून नेगीसुद्धा दचकला.

सराव सुरू झाला. थांबायचं कसं, तर पट्ट्यांची पुढची टोकं जवळ आणायची आणि मागची फाकवायची. नेगी म्हणाला, "पिझ्झा का टुकड़ा बनाओ." मामींनी त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "भाकरीचा चतकोर चालंल ना?" चतकोर पहिल्या फटक्यात जमला. माझा काही जमेना. मी वीसेक मिनिटं झटलो आणि शेवटी एकदाचा जागच्या जागी स्थिर उभा राहिलो. नेगीला इतका आनंद झाला, की त्याने शाबासकी म्हणून माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं.

आता यात त्या बिचाऱ्याची काहीच चूक नाही. आमच्या सोसायटीत सात वर्षं काढलेल्या माणसाच्या पाठीवर दोन थापा पडल्या, की तो निघतो. विचार करायला वेळ मिळत नाही. मी निघालो. चतकोर नाही, भाकरी नाही, सरळ दोन रुळांवरून सुटलो आणि खाली फोटो काढत असलेल्या सुरतच्या एका कुटुंबात जाऊन शिरलो. आजोबा, दोन सुना आणि मी असे चौघे एकावर एक पडलो. कोणाला लागलं नाही, पण आजोबांनी गुजरातीत जे काही सांगितलं त्याचा अर्थ लावायला भाषा येण्याची गरज नव्हती. वरून मामांची शिट्टी वाजली. "सर! वरचा जिम्मेदार! माफी मागा!" मी माफी मागितली. बर्फ मानेतून आत गेला होता आणि मी मामांवर चांगलाच खवळलो होतो.

पट्ट्या खांद्यावर टाकून मी परत वर चढू लागलो. तेवढ्यात मामींची पाळी आली. नेगीने त्यांना जरा उंचावर नेलं होतं. त्या वाकून बुटाचा खटका बघत होत्या. वरून नारिंगी जाकिटातला एक मुलगा भरधाव आला. त्याचे मित्र बोंबलत होते, "आंटी, साइड! आंटी!" मी ओरडलो, पेडणेकरबाई किंचाळल्या. मामींनी मान वर केली नाही. मुलगा कसाबसा वळला आणि त्यांच्यापासून हातभर अंतरावर आडवा झाला. तो आडवा झालेला दिसल्यावर मामी दचकल्या.

पुढच्या क्षणी मामा मध्ये घुसले. मामींच्या दहा पावलं वर, उताराच्या बरोबर मध्यावर, दोन्ही हात पसरून त्यांनी सगळा रस्ता बंद केला. शिट्टी सुरू. वर माणसांची रांग लागली. दिल्लीचे, नागपूरचे, नवपरिणीत, सगळे आरडाओरडा करू लागले. एका नागपूरकराने विचारलं, "ये पहाड़ तेरे बाप का है क्या?" मामा जागचे हलले नाहीत. लाजेने माझी मान खाली गेली. मी धापा टाकत त्यांच्यापाशी पोचलो आणि त्यांचा दंड धरला.

"मामा, पुरे! लोक हसताहेत. कडेला व्हा."

"तिला जाऊ द्या खाली. मंग होतो."

"अहो, मामींनी ऐकून बाजूला व्हायला नको का? इतके जण ओरडत होते!"

मामांनी शिट्टी तोंडातून काढली. माझ्याकडे न बघता हळूच म्हणाले, "सर, तिला आयकू येत नाय."

मी त्यांचा दंड सोडला.

"चार वरसं झाली. आदी थोडं कमी, आता लय कमी. तिला वाटतं, मना ठाव नाय. तिच्या मोठ्या भैनीला असंच झालं, तर घरच्यांनी तिच्याशी बोलायचंच सोडलं. कोपऱ्यात बसवली. ते बगितलंय तिनं. म्हनून कोनाला सांगत नाय."

"मग तुम्ही तरी त्यांना विचारायचं!"

"विचारलं तर तिला कळंल ना, मना कळलंय ते." मामा वरच्या रांगेवर नजर ठेवूनच बोलत होते. "कुकरपाशी मी उबा रातो. तिसऱ्या शिट्टीला तीन बोटं दाकवतो, आन् बोलतो, मना भात मोकला पायजेल. तिला वाटतं, म्हातारा खायच्या बाबतीत कटकट्या हाय. रस्त्यात सगल्यांवर आरडतो. सगल्यांवर आरडलं म्हंजे तिच्या एकटीसाटी आरडतो असं नाय वाटत. लोक मना येडा बोलतात. बोलू द्या."

मी तिथे उभ्या उभ्या अक्षरशः शरमलो. आदल्या रात्रीचं माझं पंधरा मिनिटांचं व्याख्यान मला शब्दन्‌शब्द आठवलं. मग मी माझ्या पट्ट्या बर्फात आडव्या टाकल्या, मामांच्या शेजारी गेलो आणि मीही हात पसरले. दोघांनी मिळून रस्ता चांगलाच रुंद अडवला. त्या नागपूरकराने माझ्याही बापाची चौकशी केली.

खाली नेगी मामींच्या समोर उलटा सरकत होता. मामी निघाल्या. आधी सावकाश, मग जरा जोरात. एकदा डावीकडे कलल्या, सावरल्या. मध्ये नेगीने हात सोडले. मामींनी दोन्ही हात बाजूला धरले होते, आणि एकदाही मागे न बघता त्या सबंध उतार उतरून गेल्या. तळाशी त्यांनी चतकोर केला आणि थांबल्या. पडल्या नाहीत.

मामांचं भान सुटलं. "जमलं गं सुमे! जमलं! लय भारी दिसत व्हतीस!" तीस वर्षं ट्रेलरच्या इंजिनावर मात केलेला आवाज तो. सगळ्या उताराने ऐकला. सुरतच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. रांगेतले लोकसुद्धा हसायला लागले.

मामी खालून वर बघत होत्या. मी घसरत, धडपडत त्यांच्यापाशी पोचलो. मला वाटलं, आता नेहमीसारखं "हो ना" म्हणतील. त्यांनी टोपी एका बाजूने वर केली, कान माझ्याकडे केला आणि म्हणाल्या, "सर, मना नाय आयकू आलं. काय बोलले ते?"

ते वाक्य मी सांगण्यातलं नव्हतंच. मी मामांना खाली यायची खूण केली.

मामांना पट्ट्या बांधायला वेळ नव्हता. ते बुडावर बसले आणि घसरत आले, वाटेत चहावाल्याची एक खुर्ची घेऊन. उठले, बर्फ झटकला, मामींच्या अगदी समोर उभे राहिले आणि एकेक शब्द सुटा करून म्हणाले, "लय. भारी. दिसत. व्हतीस."

मामी लाल झाल्या. त्यांनी हातमोजे काढून खिशात कोंबले. मग म्हणाल्या, "आयका ना. मना चार वरसं कमी आयकू येतं. तुमाला बोलले नाय मी."

मामांनी डोळे विस्फारले. हात कमरेवर ठेवले, मागे सरकले, माझ्याकडे पाहिलं. "काय सांगतंस काय! सर, आयकलंत? चार वरसं! मना तर कदी कळलंच नाय!"

इतका भिकार अभिनय मी शाळेच्या स्नेहसंमेलनातही पाहिलेला नाही. "मलाही कळलं नाही हो," मी म्हणालो.

मामींनी आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं. त्यांना काय उमगलं ते त्यांनी दाखवलं नाही. "मंग पनवेलला गेलं का डागदरकडं जाऊ," त्या म्हणाल्या.

मामांनी मान डोलावली. मग ती मामींना नीट दिसावी म्हणून टोपी काढून पुन्हा एकदा डोलावली.