सतरा रकान्यांचा लाइनबॅकर

चांगला लाइनबॅकर ओळखायला आपल्याला सात मिनिटं पुरतात, असं वेंडल कोझिक सगळ्यांना सांगायचा. सगळ्यांना म्हणजे कॉफीच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या अनोळखी बाईलासुद्धा. नेब्रास्कातल्या एका छोट्या कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा तो बचावाचा कोच. वय छप्पन्न, गुडघे सत्तरीचे, आवाज पंचविशीतला.

गेल्या मोसमात त्याच्या बचावातून समोरचे खेळाडू चाळणीतून पाणी जावं तसे जात होते. अकरापैकी नऊ सामने हरल्यावर मुख्य कोच हॅरिगन यांनी त्याला खोलीत बोलावलं आणि फार शांतपणे सांगितलं, की चेंडू घेऊन येणाऱ्याला मधोमध गाठून आडवा करणारा एक लाइनबॅकर हवा आहे. जागा एकच उरली आहे, बुधवारी नव्या खेळाडूंच्या करारांवर सह्या आहेत, आणि हाही मुलगा चुकीचा निघाला तर पुढच्या मोसमाचे सामने वेंडलनं घरी बसून बघावेत. हॅरिगन ओरडले असते तर वेंडलला बरं वाटलं असतं.

म्हणून मंगळवारी पहाटे निघून तो पाच तास गाडी हाकत पश्चिम कॅन्ससमधल्या एका गावात पोचला. तिथल्या दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजात कॉर्डेल पिनी नावाचा मुलगा होता. दोन वर्षं संपत आलेली, पुढच्या कॉलेजाच्या शोधात, आणि आणखी तीन संघ त्याच्या मागे. वेंडलकडे शिट्टी होती, स्टॉपवॉच होतं आणि हॅरिगननी स्वतः आखलेला सतरा रकान्यांचा तक्ता होता. पहिलं पाऊल कसं पडतं, कंबर किती वाकते, हात कुठे जातात, असं सगळं त्यात लिहायचं होतं.

मैदान थंडीनं कडक झालं होतं. कॉर्डेल दाराच्या चौकटीएवढा होता आणि बोलायचा मात्र लायब्ररीत बसल्यासारखा. एका मुलानं छातीशी जाड गादी धरली होती आणि कॉर्डेल धावत येऊन तिच्यावर आदळणार होता. पाहुण्या कोचनं रेषेबाहेर उभं राहून बघायचं असतं. पण त्या मुलाची गादी धरायची पद्धत वेंडलला बघवेना. तो आत शिरला, मुलाला बाजूला केलं, गादी खाली ठेवायला लावली आणि म्हणाला, "बघ, अशी धरतात."

तिकडून कॉर्डेल सुटला. इकडे वेंडल गादी उचलायला वाकला आणि कंबरेत कट्‌ असा आवाज झाला.

तो वाकलेलाच राहिला. मग हळूहळू, जुनं कपाट कलंडावं तसा, कुशीवर आडवा झाला. कॉर्डेल अजून आठ पावलं लांब होता. शंभर किलोंचा तो मुलगा भरधाव येत होता, आणि एका पावलात जागच्या जागी थांबला. हे थांबणं वेंडलनं गवतावरून नीट पाहिलं. त्या दिवशी मैदानावर त्याला बघता आली ती गोष्ट एवढीच.

बाकीची मुलं त्याला काखेत धरून उठवायला धावली. कॉर्डेलनं त्यांना अडवलं, गुडघे टेकले आणि म्हणाला, "सर, घाई नाही. आधी श्वास सोडा. मी सांगेन तेव्हाच हलायचं."

जवळचं हॉस्पिटल पंचेचाळीस मैलांवर होतं. पण दोन गल्ल्या सोडून गावचा वृद्धाश्रम होता, कॉर्डेलची आई रोझलिन तिथे मुख्य नर्स होती, आणि मंगळवारी डॉक्टरही तिथेच यायचे. सामानाच्या हातगाडीवर गादी टाकून, गादीवर वेंडलला टाकून, मिरवणूक तिकडे निघाली. वाटेत पोस्टाबाहेरच्या दोघांनी अंत्ययात्रा समजून टोप्या काढल्या.

डॉक्टरांनी दाबून पाहिलं आणि उसण भरली आहे, उद्यापर्यंत हलायचं नाही, असं सांगून ते गेले. रोझलिननं गरम पाण्याची पिशवी दिली, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली खाट दिली आणि ती औषधं वाटायला निघून गेली. कॉर्डेलला तास होता, तोही गेला. तेवढ्यात आश्रमातली एक नवीन सेविका आली आणि नव्या आजोबांचं स्वागत करू लागली.

आपण इथे राहायला आलेलो नाही, हे वेंडलनं तिला समजावलं. ती म्हणाली की पहिल्या दिवशी सगळ्यांना तसंच वाटतं. मग तिनं आज वार कोणता ते विचारलं.

"मंगळवार. आणि उद्या सह्या आहेत. मला सतरा रकाने भरायचेत, संध्याकाळी कोचचा फोन येईल, मला मैदानावर जायला हवं!"

"जाऊ हं मैदानावर," ती त्याचं पांघरूण सारखं करत म्हणाली. "आधी जेवून घेऊ." आणि शिट्टी गिळली जाऊ नये म्हणून ती घेऊन गेली.

शेजारच्या खुर्चीत बसलेल्या एक म्हाताऱ्या बाई हे सगळं ऐकत होत्या. या मिस थीडा व्हॉथ. वय अठ्ठ्याऐंशी, चाळीस वर्षं गावच्या शाळेत गणित शिकवलेलं. "रकाने कशाचे?" त्यांनी विचारलं.

वेंडलनं सांगितलं. त्यांनी तक्ता मागून घेतला, चष्म्यावरून वाचला आणि मग आपल्या पिशवीतून एक वही काढली. घरच्या मैदानावरचा प्रत्येक सामना त्यांनी थंडीत ब्लँकेट घेऊन पाहिला होता, आणि कॉर्डेलचं प्रत्येक पाऊल लिहून ठेवलं होतं. का, तर त्यांना आकडे आवडायचे.

"सप्टेंबरात हा चेंडू सुटला की आधी उजवा पाय मागे टाकायचा. अर्धं पाऊल वाया. मी रोझलिनला सांगितलं, तिनं त्याला सांगितलं. ऑक्टोबरात सहा वेळा टाकला, नोव्हेंबरात एकदाही नाही. लिही."

"पण सामन्याच्या फिल्ममध्ये मला..."

"तू फिल्म पाहिलीस. मी मुलगा पाहिला. लिही."

वेंडल उताणा पडून, तक्ता डोक्यावर धरून लिहू लागला. पेन उलटं चालेना, तेव्हा बाईंनी पेन्सिल दिली. डावीकडे पळताना खांदे फिरतात का, दमल्यावर सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या भागात काय होतं, चूक झाल्यावर मुलगा कोणाकडे बघतो, सगळं वहीत होतं. एका ठिकाणी वेंडलनं आपलं मत घुसवलं, तर त्यांनी ते खोडरबर देऊन पुसायला लावलं. आणखी दोन आजोबा खुर्च्या सरकवत आले आणि कॉर्डेलनं एकाला कसं पाडलं होतं यावरून भांडू लागले. सोळा रकाने भरले. सतरावा होता, 'मैदानाबाहेर माणूस कसा आहे'.

दुपारी कॉर्डेल परत आला. त्यानं हात धुतले, वेंडलला हळूच कुशीवर वळवलं, पिशवीतलं पाणी बदललं, उशी सारखी केली आणि मिरचीचं झणझणीत राजमा-मटण व दालचिनीचा गोड रोल आणून दिला. मग शेजारच्या आजोबांनाही त्याच हातानं भरवलं, त्यांच्या मुलीबद्दल विचारलं, आणि आजोबांनी तिसऱ्यांदा सांगितलेली गोष्ट पहिल्यांदा ऐकावी तशी ऐकली. गेल्या कित्येक वर्षांत कोणी आपली उशी सारखी केलेली वेंडलला आठवत नव्हतं. त्यानं बाहीनं डोळे पुसले. ते राजम्यातल्या मिरचीमुळे, असं त्यानं सांगितलं. सतराव्या रकान्यात त्यानं लिहिलं: 'उत्तम. मी स्वतः अनुभव घेतला.'

चार वाजता हॅरिगनचा फोन आला. वेंडलनं तक्ता वाचून दाखवला. हॅरिगननी दोन रकाने पुन्हा वाचायला लावले. "वेंडल," हॅरिगन अखेर म्हणाले, "नऊ वर्षांत तू दिलेला हा पहिला कामाचा अहवाल. कसा केलास?"

"बारकाईनं, कोच," वेंडल म्हणाला. मिस व्हॉथनी खाकरलं. "म्हणजे मदत होती. फार मदत होती."

बुधवारी सकाळी, कंबरेला पट्टा बांधून, वेंडल कॉर्डेलच्या कॉलेजातल्या सह्यांच्या टेबलापर्यंत चालत गेला. चारही कॉलेजांचे कागद समोर होते. बाकीच्या तिन्हींची मैदानं मोठी, संघ जिंकणारे. कॉर्डेलनं पेन घेतलं आणि वेंडलच्या कागदावर सही केली.

वेंडलनं मनातल्या मनात सगळ्यांचे आभार मानले: मिस व्हॉथचे, रोझलिनचे, त्या आजोबांचेसुद्धा. आपल्या बोलण्यानं मुलाला जिंकलं, असंही त्याला जरासं वाटून गेलं. म्हणून गाडीत बसताना त्यानं विचारलंच, की आमचंच कॉलेज का निवडलंस.

कॉर्डेल लाजला. त्यानं निरोप द्यायला आलेल्या आईकडे पाहिलं.

"मीच सांगितलं त्याला," वेंडलच्या पाठीमागे उशी खोचत रोझलिन म्हणाली. "त्या बाकीच्या तीन कॉलेजांचे कोच चांगले धडधाकट आहेत. त्यांचं याच्यावाचून अडणार नाही."