आदर्श शेजाऱ्याने बेल वाजवली

शेजारधर्माचा पाया म्हणजे बंद दार. दार बंद असेल तोवर माणसाबद्दल आदर वाटत राहतो. ते उघडलं की त्याला गुडघेदुखी, मुलगी-जावई आणि वेळ असल्याचं कळतं, आणि आदर पातळ होत जातो.

दिलसुखनगरातल्या आमच्या अपार्टमेंटने हे फार लवकर ओळखलं. म्हणून आमची वेल्फेअर कमिटी दरवर्षी 'आदर्श शेजारी' नावाचं शिल्ड देते. निकष असे: आवाज नसणे, पाहुणे नसणे, तक्रार नसणे आणि कमिटीच्या सभेला न येणे. (शेवटच्या निकषावर जवळपास सगळेच पात्र ठरतात.)

माझ्या शेजारच्या मनकर्णाबाईंनी हे शिल्ड लागोपाठ दोनदा पटकावलं. बाई नांदेडकडच्या, आबिड्सला नोकरी करून निवृत्त झालेल्या. यजमान वारले, मुलगी कॅनडात. त्या कुणाकडे जात नाहीत. त्यांना कुणी बोलावत नाही, हेही त्यांच्या एकांतप्रियतेला पोषकच ठरलं. शिल्ड आम्ही दाराशी ठेवून आलो, कारण बेल वाजवून एकांताचा भंग करणं योग्य दिसलं नसतं. नंतर ते आत गेलेलं आढळलं. त्यावरून बाईंना आनंद झाला असावा, अशी नोंद इतिवृत्तात आहे.

यंदा मात्र घात झाला. निकालाच्या आठवड्यात बाईंनी माझीच बेल वाजवली.

"भाऊ, गुरुवारी कोठीच्या दवाखान्यात मोतीबिंदूचं आपरेशन हाय. संगट एक माणूस आणा म्हणतेत. काही करायचं नाही, नुसतं बाकड्यावर बसायचं. आता लईच दिसंना झालंय."

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं, चहा उकळेपर्यंत वाटत होतं. पण गुरुवारी मी घरून काम करतो, आणि घरून काम करायचं तर घरी असावं लागतं. बाई मग भिंत चाचपत प्रत्येक मजल्यावर विचारून आल्या. रोशनीला ऑफिस होतं. एकनाथरावांना दवाखान्याचा वास सोसत नाही. शिवराज "आंटी, देखके बोलतूं" म्हणाला आणि त्याने दार लावलं. थोडक्यात, शंभर टक्के रहिवाशांना बाईंबद्दल सहानुभूती असल्याचं निष्पन्न झालं.

तातडीची सभा भरली. विषय: बेल वाजवणे हा उपद्रव मानावा काय. अध्यक्ष हिम्मतराव मनाने मोठे. त्यांनी तोडगा काढला की बाईंनी विनंती मागे घ्यावी, शिल्ड त्यांनाच मिळेल. हे समजावायला आम्ही दोघं गेलो.

"मावशी, एक बार बेल मारले तर ठीक," हिम्मतराव म्हणाले, "पण सगळ्यांच्या घरी फिरले की लोकां परेशान होतेत ना. हातचं शिल्ड जाईल. समझा जरा."

बाई आत गेल्या. जुनी दोन्ही शिल्डं आणून त्यांनी हिम्मतरावांच्या हातात ठेवली. स्वच्छ पुसलेली होती.

"हे घ्या वापस. आन् एक माणूस द्या."

कमिटीच्या घटनेत अशा अदलाबदलीची तरतूद नाही. शिल्डं तेवढी आम्ही घेतली. (तो भाग नियमात बसत होता.)

गुरुवारी बाई ऑटोने एकट्याच कोठीला गेल्या आणि तशाच परत आल्या. सोबत कुणी नाही म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन केलं नाही, पुढची तारीख दिली. तेव्हापासून दार बंद आहे. बेल नाही, मागणी नाही. वागणुकीतल्या या सुधारणेची दखल घेऊन कमिटीने एकमताने त्यांनाच शिल्ड दिलं. रिवाजाप्रमाणे दाराशी ठेवलं. बाईंना ते दिसलं नाही, पायाला लागलं.

एव्हाना सुजाण वाचक चिडले असतील. 'मी असतो तर गेलो असतो,' असं मनात म्हणालेही असतील. मला त्याबद्दल तिळमात्र शंका नाही. नवी तारीख येत्या सोमवारची आहे. सकाळी आठला निघायचं, दुपारपर्यंत मोकळे. बाईंना तुमचं नाव कळवू ना?

काय म्हणता, नेमकं सोमवारीच काम निघालं? अहो, संकोच कसला करता! आमच्या दुसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट भाड्याने द्यायचा आहे. तुमच्यासारखीच माणसं आम्हाला हवी आहेत.