तुळसाबाईंनी कोणाशेजारी उठावं

सन १९६८च्या जानेवारीत बालाघाटच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या कब्रस्तानाची एक पट्टी रस्त्यात गेली. उरलेल्या जागेत जेमतेम चौतीस माणसं मावतील असं दिसलं, आणि मंडळीत जिवंत माणसं एकशेबारा होती. त्यामुळे कब्रस्तान कमिटी स्थापन करणं भाग पडलं. मी मिशनच्या शाळेत शिकवत असे आणि माझं अक्षर चांगलं होतं, एवढ्याच गुन्ह्यासाठी मला तिचा चिटणीस केलं.

कमिटीनं पहिल्याच बैठकीत ठराव केला: ज्यांचा नवरा किंवा बायको आधीच पुरलेली आहे, त्यांना शेजारची जागा राखून मिळेल, मात्र अर्ज एकतीस मार्चपूर्वी यावा आणि एका माणसाला एकच जागा. ठरावात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पंधरा जण पात्र ठरले, पंधराही मंजूर झाले. सोळावं नाव तुळसाबाईंचं निघालं आणि तिथं गाडी अडली.

तुळसाबाई मिशनच्या दवाखान्यात आया होत्या. वय छपन्न, धडधाकट. त्यांचे दोन नवरे वारले होते. पहिला महागू, बंगल्यावरचा खानसामा. तो पूर्वेच्या कोपऱ्यात सीताफळाखाली. दुसरा प्रेमलाल, रेल्वेत पॉइंट्समन; तो पश्चिमेच्या भिंतीशी. दोघांच्याही शेजारी एकेक जागा रिकामी होती.

"यात विचार कायचा करता?" कमिटीचे सदस्य डोमाजी म्हणाले. ते महागूचे धाकटे भाऊ. "वहिनी माह्या भावाजवळ. पयलं लगन ते पयलं लगन."

"अन् आमचा भाऊ काय पाहुणा होता?" दुसरे सदस्य दुलीचंद उभे राहिले. ते प्रेमलालचे धाकटे भाऊ. "रेल्वेच्या कागदावर वहिनीचं नाव त्याच्यासंगं हाये. सरकार मानते, तुमी काहून नाही मानत?"

अध्यक्ष पाद्री साहेब होते. नुकतेच नागपूरकडून बदलून आलेले, तरुण, आणि म्हणून अजून शास्त्राचा आधार घेणारे. ते म्हणाले, "हा प्रश्न बायबलात खुद्द प्रभूला विचारून झाला आहे. मेलेले उठतील तेव्हा लग्नंबिग्नं काही नसतील, असं त्यानं स्वच्छ सांगितलंय."

 मग डोमाजी म्हणाले की माहिती उपयुक्त आहे, नोंदवून घ्यावी. मी कार्यवृत्तात लिहिलं, 'प्रभूंचे मत ऐकले. निर्णय पुढील बैठकीत.'

पुढच्या बैठका अर्जदाराच्या सोयीसाठी अर्जदाराच्याच अंगणात होऊ लागल्या. तुळसाबाई चहा छान करत. त्या सदस्य नसल्यामुळे त्यांना बैठकीत बोलता येत नव्हतं, पण कप उचलायला नियमाची आडकाठी नव्हती.

तिसऱ्या बैठकीला दुलीचंदांनी मांजरपाटावर गेरू-कोळशानं काढलेला अंतकाळाचा नकाशा आणला. वरच्या कोपऱ्यात सात मुंडक्यांचं श्वापद होतं. दुलीचंदांना फक्त म्हैस काढता येत असल्यामुळे सातही मुंडकी म्हशीची झाली होती. नकाशाप्रमाणे देवदूताची तुतारी, म्हणजे तुरही, दोनदा वाजून मेलेले दोन खेपांत उठणार होते. आधी पवित्र लोक, आणि त्यानंतर हजार वर्षांनी बाकीचे.

"महागूभाऊ मोहाची घेत होता," दुलीचंद म्हणाले. "तो दुसऱ्या खेपेत. तवापर्यंत वहिनी हजार वर्सं सीताफळाखाली बसून काय करन?"

"तुरही एकदाच वाजते अन् सारे एकदमच उठतेत!" डोमाजी ओरडले. "ते काय मोटरस्टँड हाये, एक गाडी सुटली का दुसरी लागाले?"

चिटणीस या नात्यानं मी तडजोड सुचवली. पहिली हजार वर्षं तुळसाबाई प्रेमलालकडे राहतील, महागू उठल्यावर त्याच्याकडे जातील. दुलीचंदांना हे पटलं. सही करायला त्यांनी पेनही हातात घेतलं. मग एकाएकी त्यांच्या ध्यानात आलं की हजार वर्षांनंतर अनंतकाळ लागतो.

"म्हंजे आमाले हजार अन् याले कायमचं? हे तर टेंपरवारी पोस्टिंग झालं मास्तर!"

तेव्हापासून मंडळीत एक-तुरहीवाले आणि दोन-तुरहीवाले असे दोन पक्ष पडले. ते देवळात, म्हणजे चर्चमध्ये, समोरासमोर बसू लागले. दोन-तुरहीवाले प्रत्येक गीत दोनदा म्हणत, आणि दुसऱ्यांदा सुरू झालं की एक-तुरहीवाले खाली बसत. पाद्री साहेबांचा आशीर्वाद पहिल्या आमेनला संपला की दुसऱ्या, यावरही मतभेद होत.

मार्च अर्धा उलटला. शेवटी पाद्री साहेबांनी जागांची लांबी तपासायला सांगितली, तेव्हा कळलं की सीताफळाच्या मुळांमुळे महागूशेजारची जागा तोकडी आहे. आता अर्जदाराची उंची घेणं आलं. त्यासाठी टिकाराम सुताराला पाठवलं. तो मंडळीच्या शवपेट्या करायचा. बायको जाऊन त्याला सहा वर्षं झाली होती. माप टिपून घ्यायला मी सोबत होतो.

"बाई, भिताडाले टेका," टिकाराम म्हणाला. त्यानं टाचेपासून डोक्यापर्यंत टेप लावला. "पाच फूट एक." मग टेप गुंडाळता गुंडाळता, जिवंत माणसाचं माप घ्यायची सवय नसल्यामुळे असेल, तो थोडा ओशाळला. काहीतरी बोलायचं म्हणून त्यानं विचारलं, "तुमाले सोताले काय पाहिजे, बाई?"

तुळसाबाई खालीच बसल्या.

"दोन महिने झाले, हे कोनी पयल्यांदा विचारून राह्यलं," त्या म्हणाल्या. डोळ्यांना पदर लावला. "मले कोनी तरी चाय करून द्या."

टिकाराम चुलीकडे गेला. चहा काळाकुट्ट झाला आणि त्यात गूळ भलताच पडला. तुळसाबाईंनी तो थेंबही न ठेवता प्याला.

"महागू बरा होता, प्रेमलालही बरा होता," त्या म्हणाल्या. "उठल्यावर त्याइले काय सांगू याचा मले घोर नाही. दोघंही समजदार. मले घोर उद्याचा हाये. उद्या इतवार. एकटीसाठी भाजी काय फोडनी द्याची?"

"माह्या घरी तं सहा वर्सं झाले, इतवारले चूलच पेटत नाही," टिकाराम म्हणाला.

मी नोंद केली, 'उंची पाच फूट एक इंच. इतर बोलणे विषयाबाहेरचे.'

टिकाराम त्यानंतर माप तपासायला वरचेवर येऊ लागला. अठ्ठावीस मार्चला, मुदतीच्या तीन दिवस आधी, तुळसाबाईंचा अर्ज पाद्री साहेबांकडे पोचला. पाहतात तर तो लग्नाचा.

तातडीची बैठक बोलावली. पहिल्यांदाच दोन्ही पक्ष एकमेकांना लागून बसले. "आता हा तिसरा!" दुलीचंद हताशपणे नकाशाकडे पाहत म्हणाले. "याले कोन्त्या खेपेत बसवू? कापडच संपलं." अंतिम न्याय होईपर्यंत लग्नाला स्थगिती देता येईल काय, असं डोमाजींनी विचारलं. पाद्री साहेबांनी त्याची नोंद घेतली आणि ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी लग्न लावलं.

देवळाच्या पायरीवर डोमाजींनी वाट अडवली. "वहिनी, पन शेवटच्या दिवशी काय करता?"

"त्या दिवशी पाहू, भाऊजी. आमची कटंगीची मोटर सुटून जाईन." त्या टिकारामाचा हात धरून झपाझप स्टँडकडे निघाल्या.

तुळसाबाई पुढं अकरा वर्षांनी वारल्या. ही हकीकत मी आजवर अनेकांना सांगितली आहे. संपली की जो तो पुढं सरकून मला एकच विचारतो, शेवटी बाईंना पुरलं कोणाशेजारी? ती अकरा वर्षं कशी गेली, हे अद्याप एकानंही विचारलेलं नाही. तुमच्याही ओठांवर काय आलंय ते मला दिसतं आहे. कमिटीत डोमाजी आणि दुलीचंद यांच्या दोन जागा रिकाम्या आहेत. तुमचं नाव मी लिहून घेतलं आहे.